काकडीहून हैदराबाद दीड तास? आधी दुकानाचे तास मोजा



तिकिटावर 'शिर्डी' छापलेलं असतं, पण विमानाची चाकं टेकतात ती आपल्या कोपरगाव तालुक्यात, काकडीच्या माळावर. १ ऑक्टोबर २०१७ ला तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते हा विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून माझ्या जवळपास प्रत्येक वर्गात कुणीतरी हे वाक्य बोलतंच: "सर, आता हैदराबाद दीड तासावर आलंय."

मी विचारतो, कुणाच्या दीड तासावर? पायलटच्या की तुमच्या?

लोक हसतात. पण या एका चुकीच्या आकड्यावर धंद्याचे बरेच निर्णय होतात, आणि ते महागात पडतात. या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर हिशोब मांडला, पण घाईत काही गोष्टी राहिल्या. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊनच बसा.

आधी अंतर. विमानाचं अंतर म्हणजे नकाशावर दोन विमानतळांमध्ये दोरी ताणली तर भरेल तेवढं. गुगल मॅप्सवर अंतर मोजायची सोय आहे, बोटाने दोन ठिपके ठेवले की आकडा येतो. काकडी ते हैदराबादचा शमशाबाद विमानतळ हे सरळ अंतर साधारण ५१० किलोमीटर भरतं. आता तीच दोरी काकडीपासून नागपूरच्या विमानतळापर्यंत ताणा. तिथेही ५१० च्या आसपासच! मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा चुकलो असं वाटून परत मोजलं होतं.

म्हणजे आकाशातून बघितलं तर कोपरगावकराला नागपूर आणि हैदराबाद सारख्याच अंतरावर आहेत. जमिनीवर मात्र गोष्ट पार वेगळी. नागपूरला जायला समृद्धी महामार्ग आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. ५१० ची दोरी आणि ५२० चा रस्ता, यापेक्षा सरळ रस्ता आणखी कसा असणार! कोकमठाणजवळ गाडी वर घेतली की मध्ये एकदा चहा, एकदा डिझेल, आणि सहा-साडेसहा तासांत नागपूर. हैदराबादला तसा रस्ता नाही. नगर-सोलापूरकडून जा नाहीतर जालना-नांदेडकडून, सव्वासहाशे-साडेसहाशे किलोमीटर आणि अकरा-बारा तास धरूनच चाला.

आता विमानाचा वेळ. तिकिटावर जो वेळ असतो त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर जाऊन उभं राहिलं तिथपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, रांगेत थांबणं सगळं आलं. म्हणून नुसता अंतर भागिले वेग असा हिशोब केला तर तो कधीच जुळत नाही. माझा सोपा आडाखा असा: अंतराला वेगाने भागा आणि वर अर्धा तास टाका. पंख्याचं एटीआर विमान असेल तर वेग ताशी ५०० च्या आसपास, मोठं जेट असेल तर ८०० धरा. हैदराबादचे ५१० किलोमीटर एटीआरने म्हणजे एक तास आणि वर अर्धा, झाला दीड तास. बंगळूर काकडीपासून सरळ ८०० किलोमीटर. जेट असेल तर एक तास आणि वर अर्धा, पुन्हा दीडच तास! अंतर तीनशे किलोमीटरने जास्त आणि वेळ तेवढाच. तेव्हा तिकीट काढताना विमान कुठलं आहे तेही बघत जा, ते तिथेच लिहिलेलं असतं. चेन्नई साडेनऊशेच्या वर आणि दिल्ली हजारच्या थोडी पुढे आहे. जेटने दोन्हीकडे दोन तासांच्या आत-बाहेर.

इथपर्यंत सगळे खूश असतात. आता खरा हिशोब.

समजा तुम्ही कांद्याचे व्यापारी आहात आणि हैदराबादच्या मलकपेठ मार्केटमध्ये तुमचं काम आहे. कोपरगावातून काकडीला जायला पाऊण तास. विमानाआधी तासभर सामानाचा काउंटर बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोहोचायचं. विमान दीड तास, पाच-दहा मिनिटं जास्तच. उतरून, बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. शमशाबाद गावाबाहेर आहे, तिथून मलकपेठला तासभर. बेरीज करा. सव्वापाच तास होतात, थोडे वरच. त्यातले जेमतेम दीड तास तुम्ही विमानात. बाकीचे पावणेचार तास गाडीत, रांगेत आणि खुर्चीत.

हे पावणेचार तास लक्षात ठेवा. काकडीहून कुठेही उडा, कमी-जास्त दहा-वीस मिनिटांनी हा वेळ जाणारच. मुंबईला उडा नाहीतर दिल्लीला. काकडी ते मुंबई सरळ अंतर फक्त १७० किलोमीटर. सुरुवातीला मुंबई-शिर्डी विमान सुरू झालं तेव्हा आपल्याकडे किती कौतुक झालं होतं! पण हिशोब घाला: पाऊण तासाचं विमान आणि वर पावणेचार, म्हणजे साडेचार तास. आणि ५ जून २०२५ पासून समृद्धी थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत गेलाय. शिर्डी ते आमणे १८० किलोमीटर, दोन-सव्वादोन तास, पुढे मुंबईच्या गर्दीत तास-दीड तास. गाडीच आधी पोहोचते. ज्याला मुंबईत उतरून परदेशचं विमान पकडायचंय किंवा परदेशातून दर्शनाला यायचंय, त्याला मुंबईचं विमान उपयोगी. तुमच्या-माझ्यासाठी तो फोटो काढण्यापुरता प्रवास.

याच हिशोबाने गमतीची गोष्ट सांगतो. काकडी आणि नाशिकचं ओझर हे दोन विमानतळ एकमेकांपासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरसुद्धा नाहीत. वर्गात एका पोराने विचारलं, सर, मग या दोघांमध्ये विमान का नाही? अरे बाबा, पूर्ण वेगात आठ मिनिटांचं अंतर, पण पूर्ण वेग गाठायच्या आधीच उतरायची वेळ होईल! तेवढ्यासाठी पावणेचार तास कोण बसेल. पण प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. दोन विमानतळ इतके जवळ असणं हा कोपरगावकराचा फायदा आहे, तो कसा ते पुढे सांगतो.

तर मोजायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. किलोमीटर मोजू नका आणि विमानाची मिनिटंही मोजू नका. दुकानाचे तास मोजा. म्हणजे तुमचं दुकान, गाळा, कारखाना जेव्हा चालू असतो त्यातले किती तास तुम्ही तिथे नव्हतात, आणि त्या बदल्यात बाहेरगावी कामाचे किती तास मिळाले. बस. रात्री अकरा ते सकाळी सहा तुम्ही घरी झोपलात की रेल्वेच्या बर्थवर, गल्ल्याला काही फरक पडत नाही. पाठीला पडतो, ते मान्य.

हे माप लावून तेच मलकपेठ पुन्हा बघू. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ धरा.

पहिला मार्ग रेल्वे. सोमवारी संध्याकाळी सहाला दुकानातून निघायचं, मनमाड गाठायचं, हैदराबादकडे जाणारी रात्रीची गाडी पकडायची. अजिंठा एक्स्प्रेस आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना काही नवी नाही. मंगळवारी सकाळी तिकडे. दिवसभर मार्केट, उधारीची वसुली, दोन नवीन अडत्यांना भेटणं. संध्याकाळी परतीची गाडी, बुधवारी सकाळी दहाला दुकानाचं शटर वर. दुकानाचे गेले १२ तास. हैदराबादेत मिळाला पूर्ण दिवस.

दुसरा मार्ग विमान. समजा विमान काकडीहून दुपारी एकला सुटतं. मंगळवारी सकाळी पावणेअकराला निघालात, चारच्या सुमाराला मलकपेठ. सकाळचे सौदे आटोपलेले. संध्याकाळी चार तास हाती आले, लॉजवर मुक्काम. आता परतीचं विमान बघा. जे विमान काकडीहून एकला सुटतं, ते त्याआधी हैदराबादहूनच आलेलं असतं. म्हणजे हैदराबादहून ते अकराच्या सुमाराला निघणार. तुम्हाला साडेआठला मलकपेठ सोडायचं. बुधवारी सकाळी काम शून्य! दीड-पावणेदोनला कोपरगावात. दुकानाचे गेले १३ तास, बदल्यात मिळाले चार. पूर्ण दिवस काम हवं असेल तर आणखी एक मुक्काम, आणि दुकानाचे २३ तास.

वर तिकीट, लॉज, दोन्हीकडची टॅक्सी. आता सांगा, वेगवान काय?

विमान वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. हीच वेळ उलटी करून बघा. विमान सकाळी सातला काकडीहून निघालं आणि संध्याकाळी सातला हैदराबादहून परत आलं तर? पहाटे पावणेपाचला घर सोडलं, दहाला मलकपेठ. साडेचारपर्यंत काम. रात्री पावणेदहाला घरी, स्वतःच्या अंथरुणात. दुकानाचे फक्त दहा तास आणि मुक्काम नाही. तेच विमान, तेच ५१० किलोमीटर, तोच दीड तास. वेळापत्रक बदललं आणि सगळा हिशोब फिरला.

मग वेळापत्रक असं उलटं का असतं? कारण विमान रात्री जिथे मुक्कामाला असतं तिथूनच त्याचा दिवस सुरू होतो, आणि विमानं मुक्कामाला असतात मोठ्या शहरात. हैदराबादहून भक्त सकाळी निघेल, दर्शन घेईल, सोयीने परत जाईल, अशी ती आखणी असते. त्यात चूक काही नाही, विमान भरतं तेही साईबाबांच्या भक्तांमुळेच. शिवाय सुरुवातीची काही वर्षं काकडीला फक्त दिवसाउजेडी विमान उतरायचं, त्यामुळे रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. रात्रीच्या उड्डाणाची परवानगी २०२३ मध्ये मिळाली. म्हणजे जी गोष्ट २०१७ ला मागता आली नसती, ती आता मागता येते.

आणि इथे माझं आपल्या व्यापारी मंडळींशी भांडण आहे. विमानतळाचा विषय निघाला की आपण काय मागतो? अमुक शहराला विमान द्या, तमुक शहराला द्या, आंतरराष्ट्रीय करा. निवेदनं देतो, फोटो छापून येतात. माझं म्हणणं, नवीन शहर मागू नका, वेळ मागा. आहे त्याच मार्गावर एक सकाळचं जाणारं आणि संध्याकाळचं येणारं विमान. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याच्या आधी काही महिने त्यांच्या याद्या तयार होत असतात. मागणी तेव्हा पोहोचली पाहिजे, आणि ती रिकाम्या हाताने नको. कोपरगाव, येवला, वैजापूर, राहाता, संगमनेर या टापूतले किती व्यापारी महिन्यातून किती वेळा हैदराबाद, बंगळूर, चेन्नईला जातात, आत्ता कशाने जातात, कुठल्या वाराला जातात, याची नावानिशी यादी करा. विमानतळ चालवणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी आणि विमान कंपनी, दोघांनाही द्या. विमान कंपनीला भावना समजत नाही, भरलेल्या खुर्च्या समजतात. तुमच्या दुकानात एखादा येऊन म्हणाला, 'अमुक माल ठेवा', तर तुम्हीही विचारताच ना, महिन्याला किती नेणार?

तोपर्यंत काय करायचं? तोपर्यंत ओझर. म्हटलं होतं ना, पुढे सांगतो. कोपरगावहून ओझर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पावणेदोन तास धरा. काकडीपेक्षा तासभर जास्त. पण काकडीचं विमान दुपारचं आणि ओझरचं सकाळचं असेल, तर तो एक तास खर्च करून तुम्ही अख्खा दिवस वाचवता. पूर्वेकडे छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणाही आहे. जाताना एका विमानतळावरून आणि येताना दुसऱ्यावर असंही करता येतं, फक्त स्वतःची गाडी तिथे लावून जाऊ नका, नाहीतर रात्री आठवेल की गाडी ओझरला आणि आपण काकडीला. हसू नका, हे माझ्या बाबतीत झालंय.

विमान कुणासाठी खरोखर फायद्याचं, तेही सांगतो. येवल्याचे पैठणीवाले माझ्या वर्गाला येतात. पैठणीचं रेशीम बरंचसं बंगळूरकडून येतं. कर्नाटक एक्स्प्रेस आपल्या कोपरगाव स्टेशनातूनच मिळते, पण वीस तासांच्या पुढे-मागे लागतात, म्हणजे नुसती रात्र जात नाही, दिवसही मोडतो. जाऊन-येऊन दोन दिवस प्रवासात. विमानाने जेट मिळालं तर दारापासून दारापर्यंत साडेपाच तास. इथे विमान दुपारचं असलं तरी जिंकतं. माझा आडाखा असा की ज्या गावाला रात्रीच्या एका झोपेत पोहोचता येतं, तिथे रेल्वे. जिथे एका रात्रीत पोहोचता येत नाही, तिथे विमान. आणि जिथे समृद्धीने सहा-साडेसहा तासांत जाता येतं, तिथे स्वतःची गाडी, कारण येताना माल टाकून आणता येतो. विमानात मोफत सामान साधारण पंधरा किलो आणि हातात सात. रेशमाचे नमुने आणाल, गाठोडं नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आडाख्यात बसत नाही. ती म्हणजे विमान न येणं. २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कमी दृश्यमानतेमुळे काकडीची सगळी विमानं काही आठवडे बंद होती. तेव्हा तिथे पायलटला धावपट्टी डोळ्यांनी दिसणं गरजेचं होतं, आणि हिवाळ्यात गोदाकाठचं धुकं काही विमान कंपनीला विचारून पडत नाही. माझाही एकदा असाच पचका झालाय. हैदराबादेत दोन दिवसांचा वर्ग होता, हॉलचे पैसे भरलेले, चाळीस लोकांनी फी दिलेली. सकाळी थांबा म्हणाले, दुपारी थांबा म्हणाले, संध्याकाळी रद्द. तिकिटाचे पैसे परत आले. हॉलचे कोण देणार? चाळीस जणांना फोन करून माफी मागताना जे वाटलं ते अजून विसरलो नाही. तेव्हापासून तारीख चुकवून चालणारच नाही असं काम असेल तर मी आदल्या दिवशी पोहोचतो, किंवा रात्रीच्या रेल्वेचं एक तिकीट काढून ठेवतो आणि विमान सुटायची खात्री झाली की रद्द करतो. रद्द करण्याचे थोडे पैसे जातात. जाऊ द्या, तो विमा समजा.

जाता जाता, वर्गातला हमखास प्रश्न: सर, तुम्ही दुकानाचे तास गेले म्हणता, पण माझा मुलगा दुकानात बसतो, मग तास गेले कुठे? बरोबर आहे. तुमच्याशिवाय दुकान नीट चालत असेल तर तुमचे तास स्वस्त झाले, तुम्ही निवांत विमानाने जा आणि दोन दिवस राहूनही या. पण नीट म्हणजे कसं, ते गल्ल्याला विचारा, मुलाला नको. मागच्या तीन वेळा तुम्ही बाहेरगावी होता त्या दिवसांची विक्री काढा, आणि त्याच वाराची तुम्ही दुकानात असतानाची विक्री शेजारी लिहा. दोघांतला फरक म्हणजे तुमच्या एका दिवसाची किंमत. तीन हजार निघाली तर दुपारच्या विमानाचा आणि रात्रीच्या रेल्वेचा निर्णय वेगळा होईल, तीनशे निघाली तर वेगळा.

हा तक्ता व्हिडिओत शेवटच्या पाच मिनिटांत भरून दाखवलाय. डावीकडे गावाचं नाव, मग निघण्याची वेळ, कामाला लागण्याची वेळ, काम संपण्याची, दुकान उघडण्याची. हैदराबाद आणि बंगळूर या दोन ओळी मी भरल्यात. तुमच्या धंद्याचं तिसरं गाव कुठलं ते तुम्हीच लिहा. आणि व्यापारी यादीचं काम कुणी अंगावर घेणार असेल तर या ऑक्टोबरच्या रविवारची वाट बघू नका, तो गेला असं समजून मार्चच्या वेळापत्रकासाठी आत्ताच बसा. कोपरगावात एखाद्या संध्याकाळी आठनंतर जमायचं ठरलं तर मी येतो. आठनंतर, म्हणजे कुणाचे दुकानाचे तास जायला नकोत.